तार कुठवर धरते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या ओळखीतल्या एका शाळेनं मैदानापलीकडे नवी इमारत बांधली आणि संगणकाची खोली तिकडे हलवली. जुन्या इमारतीतल्या ऑफिसपासून तिथपर्यंत नेटवर्कची तार ओढली, तीही पत्र्याच्या शेडवरून. सकाळच्या शाळेत सगळं सुरळीत चाले. दुपारी ऊन चढलं की संगणक मुके होत. संध्याकाळी पुन्हा बोलायला लागत. महिनाभर कुणी संगणकांना दोष दिला, कुणी विजेला, कुणी मुलांना. शेवटी एका वायरमनला बोलावलं. त्यानं तारेच्या कडेकडेनं पावलं टाकत अंतर मोजलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, ‘सर, ही एकशे चाळीस मीटर भरतेय. शंभरच्या पुढं ही तार धरत नाही.’ मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘का नाही धरत?’ तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘ते काय माहीत नाही, सर. पण नाही धरत.’

वायरमनचं निदान अचूक होतं. पण मुख्याध्यापकांचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. तांबं ते तांबंच. नव्वद मीटरवर जे चालतं ते एकशे चाळीसवर का अडावं? आणि ही शंभर मीटरची वेस आखली तरी कुणी? या प्रश्नाचा माग काढत गेलं की माणूस दीडशेहून अधिक वर्षं मागे आणि थेट अटलांटिक महासागराच्या तळाशी जाऊन पोहोचतो. तारेच्या लांबीचं शास्त्र तिथं, एका मोठ्या फजितीतून जन्माला आलं.

१८४० आणि १८५०च्या दशकांत तारायंत्राचं जाळं जमिनीवर झपाट्यानं पसरत होतं. खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारांमध्ये एकच मोठी अडचण दिसे. अंतर वाढलं की प्रवाह क्षीण होई. त्यावर उपायही सोपा होता. मध्ये एक ठाणं ठेवायचं आणि तिथून ताज्या विजेवर संदेश पुढे धाडायचा. घोडेस्वारांच्या डाकेत घोडा बदलायचे टप्पे असत, तसाच हा तारेचा टप्पा.

मग तार समुद्रात उतरली. मलायातल्या झाडांचा चीक, म्हणजे गटापर्चा, तांब्याच्या तारेवर चढवला की पाण्यातही वीज बाहेर गळत नाही, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स समुद्राखालून जोडले गेले. पण अशा तारा लांबत गेल्या तशी एक वेगळीच तक्रार येऊ लागली. इकडून खटकन सोडलेला ठोका पलीकडे रेंगाळत पोहोचतो. हळूहळू चढतो, हळूहळू ओसरतो, आणि त्याच्या शेपटात पुढचा ठोका मिसळून जातो. १८५४ साली मायकेल फॅरडे यांनी याचं कारण सांगितलं. आत तांबं, बाहेर समुद्राचं पाणी आणि मध्ये गटापर्च्याचा थर. ही नुसती तार नव्हे, वीज साठवणारं मैलोगणती लांबीचं भांडंच आहे.

हे समजायला आपल्याकडच्या कालव्याची आठवण पुरेशी आहे. कोरड्या पाटात पाणी सोडलं की आधी जमीन पिते, मग पाणी पुढे सरकतं. टेलच्या शेतकऱ्याला ते उशिरा मिळतं आणि बारीक धारेनं मिळतं. वरून पाणी बंद केलं तरी टेलला थोडा वेळ ओघळ चालूच राहतो. आता वरच्या माणसानं पाणी सोडून-थांबवून खुणा करायच्या ठरवल्या, तर टेलच्या माणसाला त्या कशा कळाव्यात? समुद्राखालच्या तारेत हेच होत होतं.

ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, १८५५ साली याचं गणित मांडलं. निष्कर्ष धक्कादायक होता. तारेची लांबी दुप्पट केली तर ठोक्याचा हा रेंगाळणं दुप्पट नाही, चौपट होतं. लांबी दहापट झाली तर शंभरपट. म्हणजे तीनशे किलोमीटरच्या तारेवर जो वेग सहज मिळतो, तो तीन हजार किलोमीटरवर मिळवायचा तर तीच तार नुसती लांबवून भागणार नाही. तांबं जाड हवं, त्यावरचं गटापर्च्याचं वेष्टणही जाड हवं. अर्थात खर्च वाढणार.

नेमकं याच सुमारास अटलांटिक ओलांडायचं चाललं होतं. सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याच्या खटपटीतून १८५६ साली साडेतीन लाख पौंड भांडवलाची कंपनी उभी राहिली. तिच्या विजेच्या कामाचे प्रमुख होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे ब्रायटनचे शल्यविशारद. विजेचा नाद असलेले, हाताला सवय असलेले. त्यांनी स्वतः शेकडो मैलांच्या तारांवर प्रयोग केले होते. त्याच वर्षी चेल्टनहॅमच्या विज्ञान परिषदेत त्यांनी थॉमसन यांचा वर्गाचा नियम साफ उडवून लावला. हा पुस्तकी पंडितांचा कल्पनाविलास आहे, माझ्या प्रयोगांत तो दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कंपनीला हे मत सोयीचं होतं. जाड तार महाग पडते आणि जहाजात मावतही नाही. शिवाय लवकर काम सुरू करायची घाई. थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर आले तोवर बारीक तारेची मागणी नोंदवून झाली होती. सागरी मैलाला अवघं १०७ पौंड तांबं.

दोन फसलेल्या मोहिमांनंतर ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड जोडले गेले. न्यूयॉर्कमध्ये एवढा जल्लोष झाला की आतषबाजीनं नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश गेला. शब्द शंभराच्या आत, आणि तो पोहोचायला लागले सुमारे सोळा तास! साधी गोष्ट आहे. ठोके एकमेकांत मिसळत होते, म्हणून एकेक ठोका थांबून थांबून पाठवावा लागत होता. संदेश जात होता खरा, पण तो थॉमसन यांच्या आरशाच्या नाजूक उपकरणावर वाचला जात होता. तारेच्या टोकाला आलेल्या अगदी सूक्ष्म प्रवाहानं एक चिमुकला आरसा हलायचा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकायचा.

व्हाइटहाउस यांचा विश्वास मात्र जोरावर होता. तार ऐकत नाही ना, मग जोरात बोला! त्यांनी पाच-पाच फूट लांबीच्या प्रचंड वेटोळ्यांमधून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर दिला. आधीच अशक्त असलेल्या वेष्टणाला तो सोसला नाही. सप्टेंबर उजाडता उजाडता तार जवळपास मुकी झाली.

त्या थोड्या दिवसांत आपल्या देशाशी संबंध असलेला एक संदेश मात्र तारेवरून गेला. १८५७च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन इंग्रज पलटणींना परत निघण्याचे हुकूम झाले होते. उठाव मोडल्यामुळे आता गरज नाही, तिथेच थांबा, असा निरोप तारेनं वेळेत पोहोचला आणि इंग्रज सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. ज्या उठावात आपली माणसं फासावर गेली, त्याच्या हिशेबातली ही बचत. तार जिवंत होती तेवढ्यात तिनं आपली किंमत साम्राज्याला दाखवून दिली होती.

व्हाइटहाउस यांच्या डोक्यावर सगळं खापर फुटलं. ते पूर्णपणे न्याय्य नव्हतं. तारेत मुळातच दोष होते. कित्येक ठिकाणी तांबं वेष्टणाच्या मधोमध नव्हतं. तयार तार उघड्यावर उन्हात पडून राहिल्यानं गटापर्चा मऊ झाला होता. पण मर्यादा मान्य न करता जोर वाढवत नेणं, ही चूक त्यांचीच होती.

पाठोपाठ आणखी एक फटका बसला. सुएझहून तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंतची तार १८५९-६० साली टाकली गेली. तीही निकामी ठरली. सरकारनं भागधारकांना व्याजाची हमी दिलेली असल्यामुळे मेलेल्या तारेचे पैसे खजिन्यातून वर्षानुवर्षं जात राहिले. तेव्हा मात्र सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. १८६१ साली तिचा अहवाल आला. तोवर जगात सुमारे अकरा हजार मैल समुद्रतार टाकली गेली होती आणि त्यातली जेमतेम तीन हजार मैल चालू होती. तांब्याची शुद्धता तपासा, वेष्टण तपासा, रोध मोजायची एकक ठरवा, प्रत्येक मैल पाण्याखाली ठेवून पारखून घ्या, अशी शिस्त यातून आली. आज आपण सहज ‘ओहम’ म्हणतो. ते प्रमाण ठरवण्याची निकड या बुडालेल्या तारांमुळे वाढली होती.

१८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानं नवी तार टाकली. या वेळी सागरी मैलाला तांबं ३०० पौंड, गटापर्चा ४०० पौंड. शिवाय आदल्या वर्षी तुटलेली तार समुद्रतळातून वर काढून तीही जोडली. मग लॅटिमर क्लार्क या अभियंत्यानं एक गंमत केली. दोन्ही तारा पलीकडच्या किनाऱ्यावर एकमेकींना जोडायला लावल्या. संदेश अटलांटिक ओलांडून जाणार आणि तसाच परत येणार. आणि वीज कशाची? शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तानात थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून केलेल्या घटाची. संदेश सुखरूप परत आला. दोन हजार व्होल्टना जे साधलं नव्हतं, ते एका अंगुस्तानानं साधलं.

चार वर्षांनी तीच ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या बंदरात येऊन उभी राहिली. आमच्याकडच्या उन्हानं पोटातली तार तापू नये म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारी १८७० मध्ये ती मुंबईहून एडनकडे तार सोडत निघाली. जूनपर्यंत मुंबई, एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचा किनारा आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं पोर्थकर्नो, अशी साखळी पूर्ण झाली. लिव्हरपूलच्या कापसाचे भाव ज्या मुंबईला पूर्वी टपालाच्या आगबोटीची वाट पाहून कळत, तिला ते तारेनं कळू लागले.

या साखळीत एवढे टप्पे का? किनारे आणि बेटं वाटेत होती, हे एक कारण. दुसरं कारण वर्गाच्या नियमात आहे. एकसंध लांब तार टाकली असती तर रेंगाळणं वर्गानं वाढलं असतं. तीच तार दोन भागांत तोडली तर प्रत्येक भागातलं रेंगाळणं चौथाईवर येतं. एडनचा तारमास्तर अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा ठिपका बघून मुंबईची अक्षरं ओळखायचा आणि तीच अक्षरं पुढच्या तारेवर नव्यानं, स्वच्छ पाठवायचा. हा एडनचा माणूस लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता या कथेला एक वळण मिळतं, आणि मला ते सर्वांत बोधप्रद वाटतं. टेलिफोन आला. बोलण्यातल्या लहरी तारायंत्राच्या ठोक्यांपेक्षा कितीतरी जलद. ब्रिटिश टपाल खात्याचे विजेचे मोठे अधिकारी विल्यम प्रीस यांनी थॉमसन यांचा जुना नियम उचलला आणि टेलिफोनलाही तसाच लावला. तारेचा रोध आणि तिची साठवणूक यांचा गुणाकार करा, त्यावरून बोलणं किती लांब ऐकू येईल ते ठरतं, विषय संपला. तारेत ‘स्वप्रवर्तन’ नावाचा आणखी एक गुण असतो, प्रवाहाची जडताच म्हणा ना. प्रीस यांच्या मते तो त्रासदायक होता, जितका कमी तितका बरा.

याला आव्हान दिलं ते ऑलिव्हर हेव्हिसाइड या एकलकोंड्या माणसानं. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, काही वर्षं तारमास्तराची नोकरी, चोविसाव्या वर्षी तीही सोडून घरात बसून गणित. १८८०च्या दशकात त्यानं दाखवून दिलं की थॉमसन यांचा नियम संथ ठोक्यांपुरता खरा आहे. जलद लहरींची गोष्ट निराळी. तिथं प्रवाहाची जडता शत्रू नसून मित्र आहे. जड जातं एकदा फिरायला लागलं की लहानसहान अडथळ्यानं अडत नाही, तसं. ही जडता योग्य प्रमाणात मुद्दाम वाढवली तर लहरी क्षीण होतील, पण विस्कटणार नाहीत. ऑलिव्हरचा भाऊ टपाल खात्यात होता. दोघांनी मिळून १८८७ साली निबंध लिहिला. प्रीस यांनी तो छापू दिला नाही.

ब्रिटनमध्ये ही कल्पना धूळ खात पडली. अमेरिकेत १८९९च्या सुमारास जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन यांनी स्वतंत्रपणे तिचं यंत्र केलं. टेलिफोनच्या तारेत ठराविक अंतरावर लोखंडाच्या गाभ्याची वेटोळी बसवायची. एकस्व प्युपिन यांना मिळालं, त्यापोटी लाखो डॉलर मिळाले. हेव्हिसाइडला यातला छदामही मिळाला नाही. तुटपुंज्या सरकारी मानधनावर दिवस काढत तो १९२५ साली वारला. पण या वेटोळ्यांच्या जोरावर १९११ साली न्यूयॉर्कचं बोलणं डेन्व्हरपर्यंत पोहोचलं होतं, म्हणजे सुमारे तीन हजार किलोमीटर.

इथं मंडळी, जरा थांबून पाहू. तीस वर्षांच्या अंतरानं दोन माणसं चुकली. व्हाइटहाउस यांनी मर्यादा नाकारली. प्रीस यांनी कालची मर्यादा कायमची मानली. पहिल्यानं सिद्धान्त झुगारला, दुसऱ्यानं सिद्धान्ताची पोथी केली. दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही. या तारेत, या वेगाला, नेमकं काय अडतं आहे?

डेन्व्हरच्या पुढं विस्कटणं अडत नव्हतं, क्षीण होणं अडत होतं. त्यावर निर्वात नळीचा वर्धक आला. २५ जानेवारी १९१५ रोजी ग्रॅहॅम बेल यांनी न्यूयॉर्कमधून सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला, थॉमस वॉटसन यांना, इकडे या म्हणून पुन्हा एकदा हाक मारली. पहिल्या वेळी ते शेजारच्या खोलीतून धावत आले होते. या वेळी वॉटसन म्हणाले, आता यायला आठवडा लागेल! समुद्रतळाशी वर्षानुवर्षं बिनदुरुस्ती टिकतील असे वर्धक बनवायला मात्र आणखी चाळीस वर्षं लागली. अटलांटिकची पहिली टेलिफोन-तार १९५६ साली सुरू झाली, तेव्हा जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रत्येक तारेत ५१ वर्धक होते. आणि एवढा खटाटोप करून एका वेळी छत्तीस संभाषणं.

आता संगणकांकडे येऊ. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इमारतीतले संगणक एकाच तारेवर जोडायची ‘इथरनेट’ ही पद्धत मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. एकच तार, तिच्यावर सगळे. बोलायच्या आधी ऐकायचं. कुणी बोलत नसेल तर बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा. दारात समोरासमोर आलेली दोन माणसं ‘आधी तुम्ही’ म्हणून थबकतात, तसं.

या सभ्यतेत एक मेख होती. आपलं बोलणं दुसऱ्याशी आदळलं, हे आपलं बोलणं संपायच्या आत कळायला हवं. नाहीतर आपण समजणार, निरोप पोहोचला. म्हणून सर्वांत लहान निरोपसुद्धा एवढा लांब हवा, की तो संपेपर्यंत लहर तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईल. सेकंदाला एक कोटी बिट वेगाच्या इथरनेटमध्ये हा सर्वांत लहान निरोप ५१२ बिटांचा ठरला. तो संपायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ५१ पट वेळ लागतो. तेवढ्यात लहर तारेतून सुमारे दहा किलोमीटर जाते. जाणं-येणं धरून पाच किलोमीटर. यंत्रांना लागणारा वेळ आणि थोडी सुरक्षितता वजा करून टोकापासून टोकापर्यंत अडीच किलोमीटर ही वेस ठरली. त्यातही एका अखंड जाड तारेला पाचशे मीटर, बारीक तारेला १८५ मीटर, कारण तिथं क्षीण होणं आडवं येई.

म्हणजे इथं प्रथमच तारेची एकूण लांबी ठरवली ती घड्याळानं. १९९५ साली वेग दहापट झाला, तेव्हा तोच लहानात लहान निरोप दहापट लवकर संपू लागला. वेस दहापट आत आली, जेमतेम दोनशे मीटरवर. वेग वाढवला की पोहोच घटते, हे अनेकांना कोडं वाटलं होतं.

पुढं सामायिक तार गेली. प्रत्येक संगणकाला स्वतःची तार आणि मध्ये निरोप वाटून देणारी स्विचची पेटी, अशी पद्धत रुळली. दोघे एकदम बोलण्याचा प्रश्नच उरला नाही. घड्याळाची वेस मिटली. तरी शंभर मीटर का उरले? याचं उत्तर त्या तारेच्या आत आहे. तिच्यात पीळ दिलेल्या तांब्याच्या चार जोड्या असतात. पीळ एवढ्याचसाठी, की बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट एकमेकांत शिरू नये. आणि तांब्यात लहरी जितक्या जलद, तितक्या त्या लवकर क्षीण होतात. सेकंदाला दहा कोटी कंपनांची लहर अशा तारेतून शंभर मीटर गेली की तिच्या शक्तीचा शंभरावा भागही उरत नाही. समोरून आलेली ही कुजबुज ऐकायची, आणि तीही आपल्याच बाजूच्या जोडीवरून मोठ्यानं बोलणं चालू असताना. गोंगाट आणि कुजबुज यांतला फरक ओळखू येतो तोवर तार धरते.

मग नव्याण्णववर चालतं आणि एकशे एकवर बंद पडतं, असं आहे का? नाही. शंभर हा आकडा कडा नव्हे, करार आहे. जोडणीच्या खोलीपासून टेबलापर्यंतचं अंतर कार्यालयांत सहसा एवढ्यात बसतं, हे पाहून मानक करणाऱ्यांनी तो धरला. नव्वद मीटर भिंतीतली तार आणि दहा मीटर दोन्ही टोकांच्या जोडतारा. तार बनवणाऱ्यानं, यंत्र बनवणाऱ्यानं आणि तार ओढणाऱ्यानं, तिघांनी तो पाळला तर परिस्थिती थोडी बिघडली तरी निरोप पोहोचेल, एवढीच त्यातली हमी आहे.

शाळेच्या कोड्याचं उत्तर इथं मिळतं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि लहर आणखी क्षीण होते. पत्र्यावर पडलेली ती एकशे चाळीस मीटरची तार सकाळच्या गारव्यात कशीबशी निभावत होती. दुपारी पत्रा तापला की कुजबुज गोंगाटात बुडत होती. वायरमननं काय केलं? मधल्या व्यायामशाळेच्या सावलीतल्या भिंतीवर एक छोटी स्विचची पेटी बसवली आणि तार दोन भागांत तोडली. ती पेटी अलीकडचा निरोप वाचते आणि पलीकडे नव्यानं, स्वच्छ पाठवते. ओळखलंत ना? हा एडनचा तारमास्तर. आता तो भिंतीवरच्या मुठीएवढ्या पेटीत बसतो.

शंभर मीटरच्या पुढं एका दमात जायचं असेल तर तांबंच सोडावं लागतं. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेच्या तंतूतून प्रकाश पाठवायचा हिशेब मांडला. तेव्हाच्या काचेत वीस मीटरमध्येच प्रकाशाचा शंभरावा भाग उरत असे. काओ म्हणाले, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरला तरी काम होईल. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखवली. आज तोच शंभरावा भाग उरायला सुमारे शंभर किलोमीटर लागतात. काओ यांना २००९ साली नोबेल मिळालं. १९८७ साली एर्बियम मिसळलेल्या काचेचा वर्धक आला. तो प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच त्याला बळ देतो. समुद्रातल्या तारांवर साठ ते शंभर किलोमीटरला असा एकेक वर्धक असतो. त्यांना वीज पुरवायला किनाऱ्यावरून हजारो व्होल्टचा दाब दिला जातो. व्हाइटहाउस यांच्या दोन हजार व्होल्टनी तार मेली होती. आता त्याहून जास्त दाबावर तार जगते, कारण जोर कुठं लावायचा ते कळलं आहे.

१९९७ साली इंग्लंड ते जपान अशी प्रकाशतंतूंची एक लांबलचक तार सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती पोर्थकर्नोच्या किनाऱ्यावरून निघाली, सुएझच्या वाटेनं आली आणि मुंबईला लागली. १८७०च्याच वाटेवर सव्वाशे वर्षांनी दुसरी तार. क्षीण होण्याला तिच्यात वर्धक आहेत, पसरण्याला वेगवेगळे उपाय आहेत. एक मर्यादा मात्र तशीच आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समुद्रमार्गे दहा हजार किलोमीटरहून लांबच्या त्या वाटेवर जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग लागतोच. तो कुठलाही टप्पा, कुठलाही वर्धक वाचवू शकत नाही.

मुख्याध्यापकांना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे वायरमनचं बरोबरच होतं.’ बरोबर होतंच. फक्त त्याला ‘का’ विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. आता त्या शाळेत आठवीच्या मुलांना विजेचा धडा शिकवताना गुरुजी त्यांना व्यायामशाळेच्या भिंतीपाशी नेतात आणि ती पेटी दाखवतात.